थापांचा रविवार

चूक दिसली की बाईंचा हात शिवशिवायचा. मग ती दुकानाच्या पाटीवरची असो, लग्नाच्या पत्रिकेतली असो, नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची. नवरा म्हणायचा, "तुझ्या हाती लाल पेन देऊन तुला शहरात मोकळं सोडलं, तर संध्याकाळपर्यंत एक पाटी धड राहायची नाही." बाईंना ते कौतुकच वाटे. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता उभा जन्म गेलेला. निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा चार लोकांच्या काढाव्यात, म्हणून त्यांनी झेरॉक्सच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. नवऱ्याने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि खोलीसाठी पंखा स्वतःच्या खर्चाने बसवून दिला.

खालच्या यंत्रामुळे त्या खोलीची फरशी कायम कोमट असायची. वर्गाला येणारी माणसं दिवसभर राबून आलेली. बेकरीवाला बसल्या बसल्या पेंगायचा, आणि पडदे शिवणाऱ्या शिवणताई बाकाखाली चपला काढून पाय फरशीवर शेकत बसायच्या. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या दोघी बहिणी होत्या, त्या नेहमी एकाच पुस्तकात बघायच्या. ही माणसं वाचायला तयार, ऐकायला तयार, पण लिहायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळे. बाईंनी घरी लिहून आणायला वह्या दिल्या. वह्या जशा गेल्या तशा परत आल्या, फक्त बेकरीवाल्याच्या वहीला थोडं पीठ लागलेलं.

"अगं आई, ही माणसं वही उघडत नाहीत, पण फोन तर दिवसातून पन्नास वेळा उघडतात ना?" दुसऱ्या शहरात राहणारी लेक म्हणाली. "तिथेच लिहायला लाव."

आधी बाईंनी नाक मुरडलं. फोन म्हणजे त्यांच्या मते शुद्धलेखनाचं स्मशान. पण लेकीने ग्रुप काढून दिला, आणि गंमत अशी की जी माणसं वहीसमोर मूग गिळून बसत होती, ती फोनवर घडाघडा लिहू लागली. नियम साधे होते. रोज चार ओळी इंग्रजीत, स्वतःच्या दिवसाबद्दल. दुसऱ्यांनी त्याखाली एकेक प्रश्न विचारायचा, तोही इंग्रजीत. आपली भाषा तिथे वापरायची नाही, अगदी घर पेटलं तरी नाही, असं बाई हसत हसत म्हणायच्या. शिवणताई दुपारी मशीन थांबवून लिहायच्या. बेकरीवाला भट्टी लावून झाली की लिहायचा. बाई घरी बसून एकेक ओळ वाचायच्या, चूक दाखवायच्या, शाबासकी द्यायच्या. इतकी लेखी मेहनत शाळेतल्या मुलींनी उभ्या वर्षात केली नव्हती.

कोरडे होते ते एकटे लिफ्टवाले.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. पन्नाशी उलटलेली, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं, आणि बोलण्यात अशी काटकसर की शब्दांवर कुणी कर लावलाय की काय असं वाटावं. कंपनीने नव्या लिफ्ट आणल्या, त्यांच्या छोट्या पडद्यावर बिघाड इंग्रजीत उमटायचा. म्हणून बायकोने त्यांचं नाव वर्गात घातलं होतं. पहिल्या दिवशी तीच त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली होती. घरात दोघंच, मूलबाळ नाही. ग्रुपवर लिफ्टवाले रोज एकच लिहायचे: आज एक लिफ्ट दुरुस्त केली. आता ती बरी आहे.

"अहो, जरा लांब लिहा की," बाई एकदा वर्गात म्हणाल्या.

"जेवढं झालं तेवढं लिहिलं, बाई."

"मग न झालेलं लिहा."

बाई बोलून गेल्या आणि आपल्याच बोलण्यावर खूश झाल्या. त्यातूनच थापांचा रविवार निघाला. रविवारी प्रत्येकाने एक लोणकढी थाप लिहायची. अट एकच, वाचणाऱ्याला ती घडीभर तरी खरी वाटली पाहिजे. सोमवारी सकाळी सगळ्यांत झकास थापेखाली बाई मुकुटाचं चित्र टाकणार.

पहिल्या रविवारी मात्र फजिती झाली. प्रत्येक थापेखाली सगळ्यांनी एकच प्रश्न ठोकला: हे खरं आहे का? उत्तर ठरलेलं, नाही. झालं, खेळ आटोपला. बाई वैतागल्या. सोमवारी वर्गात त्यांनी फळ्यावर तो प्रश्न लिहिला आणि त्यावर आडवी रेघ ओढली.

"हा आळशाचा प्रश्न आहे. रविवारी हा कुणी विचारायचा नाही. ज्याने विचारला तो बाद. समोरचा म्हणतोय ते खरंच आहे असं धरून चालायचं आणि बारीकसारीक खोदून विचारायचं. कितवा मजला? रंग कोणता? शेजारी काय होतं? थाप मारणाऱ्याला असं खिंडीत गाठलं ना, की त्याचं इंग्रजी आपोआप वाढतं."

नियम लागू पडला. रविवारची दुपार म्हणजे ग्रुपवर धमाल होऊ लागली. आणि सगळ्यांना शेंडी लावली ती लिफ्टवाल्यांनी. खोटं लिहायची मुभा मिळताच या माणसाच्या जिभेला, म्हणजे बोटांना, पाय फुटले. घरात वारा येत नाही म्हणून दिवसभर लिफ्टमध्येच खुर्ची टाकून बसणारी म्हातारी त्यांनी लिहिली. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेले आणि लिफ्ट सुरू झाल्यावरही भांडण संपेना म्हणून पुन्हा खाली जाणारे दोन शेजारी लिहिले. लोक खोदून विचारत, आणि हे शांतपणे, एकेका ओळीत, पटेल असं उत्तर देत. मुकुट त्यांच्या घरी मुक्कामालाच गेला.

"घरी वाचून दाखवली," एकदा वर्गात ते आपणहून म्हणाले. "ती म्हणते, तुम्हाला एवढं खोटं बोलता येतं हे आधी कळलं असतं, तर लग्नाआधी दहादा विचार केला असता."

वर्ग खो खो हसला. लिफ्टवाले कानापर्यंत लाल झाले, पण खूश होते. त्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य आपल्या भाषेतही कुणी ऐकलं नव्हतं. "बघा, जे तोंडाने बोलवत नाही ते लिहिता येतं," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "अडलं, नडलं, मनात आलं, की लिहा. आम्ही आहोत वाचायला." हे त्या मनापासून म्हणाल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

बाईंच्या प्रयोगाचा बोलबाला झाला. जुन्या सहकारी शिक्षिकांच्या ग्रुपवर त्यांनी त्याची हकीकत टाकली, तर एका संस्थेने शिक्षकांच्या बैठकीत बोलायलाच बोलावलं. येताना शिकणाऱ्यांच्या लिखाणाचे दोन-तीन नमुने आणा म्हणाले. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता त्या प्रत्येक रविवारी नमुना शोधायच्या नजरेने वाचू लागल्या. वाचणाऱ्याची नजर अशी एकदा बदलली की माणूस मागे पडतो आणि नमुनाच दिसू लागतो. पण हे शहाणपण मला आज सुचतंय. तेव्हा ते बाईंना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या वाक्यातली चूक काढली असती.

तर एका रविवारी दुपारी बाई गॅलरीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांच्या गॅलरीसमोर मोठ्या दवाखान्याची मागची भिंत. भिंतीवर पाइप, पुढे आलेल्या पहिल्या मजल्याच्या गच्चीत वाळणाऱ्या चादरी, खाली मागचं दार. फोन वाजला. लिफ्टवाल्यांची थाप आली होती.

इंग्रजी त्यांचंच, तुटक तुटक, पण सरळ. दुपारी माझी बायको स्वयंपाकघरात पडली. मी तिला दवाखान्यात आणली. डॉक्टर म्हणतात थांबा. इथली लिफ्ट आवाज करते. आवाज का येतो ते मला कळतं, पण आज मी काही करू शकत नाही. मी एकटा आहे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. कुणी येऊन बसलं तर बरं.

बाईंनी वाटाण्याची शेंग हातातच ठेवली. काय लिहिलंय या माणसाने! ती आवाज करणारी लिफ्ट, ती रिकामी खुर्ची. त्यांनी तत्परतेने पहिला प्रश्न टाकला: कितवा मजला?

लगेच उत्तर आलं. तिसरा.

खुर्च्या कोणत्या रंगाच्या आहेत, शिवणताईंनी विचारलं. निळ्या, भिंतीला लागून. बेकरीवाल्याने विचारलं, आत कुठल्या दाराने जायचं? मागच्या. पुढे गर्दी आहे. दोघी बहिणींपैकी धाकटीने विचारलं, जवळ काय आहे? पाण्याचा कूलर. तो गळतो. थोरलीने विचारलं, तुम्ही काय घातलंय? घरातला शर्ट. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"अहाहा," बाई मोठ्याने म्हणाल्या.

पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने मान वर केली. बाईंनी त्यांना सगळं वाचून दाखवलं, वेगळ्या चपलांपर्यंत. नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

"खरं असेल तर?"

"आज रविवार आहे," बाई म्हणाल्या.

पण त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या. आणि बोटं फोनवर तो प्रश्न लिहू लागली, फळ्यावर आडवी रेघ ओढलेला. तीन शब्द लिहूनही झाले होते. मग त्यांना वाटलं, नियम मीच केला आणि मीच मोडला तर काय राहिलं? सगळे हसतील, बाईच बाद झाल्या म्हणतील. त्यांनी तो प्रश्न पुसला आणि दुसरा लिहिला: खिडकीतून काय दिसतं?

त्याचं उत्तर उशिरा आलं. चादरी वाळताना दिसतात.

त्यानंतर लिफ्टवाले काही बोलले नाहीत. बेकरीवाल्याने टाळ्यांची चित्रं टाकली, शिवणताईंनी हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. थाप संपली, असं सगळ्यांनी धरलं. बाईंनी तो सगळा मजकूर शिक्षिकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. वर लिहिलं, बघा, साध्या माणसाची कल्पनाशक्ती कुठवर जाऊ शकते. कौतुकाचा नुसता पाऊस पडला. वाटाणे सोलून झाले होते, नवऱ्याने भांडं आत नेलं. सोमवारी सकाळी चहा घेता घेता बाईंनी मुकुट टाकला.

सोमवारी लिफ्टवाले वर्गाला आले नाहीत. मंगळवारी वर्ग सुरू झाल्यावर शिवणताई जिना चढून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. हातात पडद्यांचं गाठोडं तसंच.

"बाई, मी आज एका इमारतीत मापं घ्यायला गेले होते. लिफ्ट बंद. वॉचमन म्हणाला, दुरुस्तीवाला आता आठवडाभर यायचा नाही, परवा संध्याकाळी त्याची बायको गेली." मग हळूच म्हणाल्या, "परवा म्हणजे रविवारी."

खाली यंत्र कागद ओढत होतं. बाई खडू हातात धरून खुर्चीवर बसल्या, आणि वर्ग सुटला असं कुणी न सांगताच माणसं एकेक करून उठून गेली.

त्या संध्याकाळी ग्रुपवरचे बरेच प्रश्न नाहीसे झाले. टाळ्या गेल्या, हसरा चेहरा गेला. बाईंनी मुकुट काढला, पण आपले दोन्ही प्रश्न पुसले नाहीत. ते पुसणं त्यांना चोरी वाटलं. शिक्षिकांच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं की ती गोष्ट नव्हती, ते खरंच घडत होतं. त्याखालीही कुणीतरी न वाचताच पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. बैठकीला मग त्या गेल्या नाहीत, प्रकृतीचं कारण सांगितलं.

वर्ग चालू आहे. रोजच्या चार ओळीही चालू आहेत. रविवारी मात्र कुणी काही लिहीत नाही, बंदी कुणी घातलेली नसताना. बाईंच्या हातालाही आता पूर्वीसारखी शिवशिव सुटत नाही. ओळ वाचल्यावर त्या आधी फोन करतात, "लिहिलंत ते बरोबर आहे ना? सगळं ठीक ना घरी?" असं विचारतात, आपल्या भाषेत. शिकणारे हसतात, पण रागवत नाहीत. नवरा तर आता चेष्टाही करत नाही. बाईंना तेच जास्त लागतं.

पण ती भेट त्यांच्या मनातून जात नाही.

बातमी कळल्यावर दुसऱ्याच दिवशी, बुधवारी दुपारी, त्या लिफ्टवाल्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दार उघडंच. लिफ्टवाल्यांची बहीण आतल्या खोलीत झोपली होती. ते स्वतः उठले, "या बाई," म्हणाले, आणि नको नको म्हणताना चहा ठेवायला गेले. साखरेचा डबा त्यांना सापडेना. तीन डबे उघडून झाले, मग चौथ्यात साखर सापडली. बाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या. वाटेत त्या माफीची वाक्यं जुळवत आल्या होत्या.

चहा पुढे ठेवून लिफ्टवालेच आधी बोलले.

"तुमचे सगळ्यांचे आभार मानायचे राहिले. फोन तेव्हापासून उघडलेलाच नाही. त्या दिवशी तुम्ही इतकी विचारपूस केलीत."

बाईंना काही कळेना.

"कितवा मजला, दार कुठलं, खुर्च्या कुठल्या, जवळ काय आहे," ते म्हणाले. "मला धीर आला. वाटलं, निघालंय कुणीतरी, वाट विचारतंय. मी शर्टाचंही सांगितलं, लांबून ओळखू यावं म्हणून. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. एक जण बसायला आला, त्याला म्हटलं, आमचं माणूस येतंय." मग बाईंकडे न बघता त्यांनी बाईंची बाजूही सावरून घेतली. "नंतर काही अडचण निघाली असेल. रविवारी घरी पाहुणे असतात."

इथे गप्प बसून राहता आलं असतं. हो ना, पाहुणे होते, असं म्हटलं असतं तर या माणसाने विश्वास ठेवला असता. पण फोन तो कधी ना कधी उघडणार होता. आणि खरं सांगायचं तर बाईंना ते खोटं बोलवलंच नाही.

"आम्हाला थाप वाटली हो," त्या म्हणाल्या. "रविवार होता ना. आम्ही खेळत होतो. कुणीही निघालं नव्हतं."

लिफ्टवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"रविवार होता का," ते म्हणाले. "वाराचं काही ध्यानातच नव्हतं माझ्या."

"पण तुम्ही फोन का नाही केला? एक फोन करायचा होता. एवढं तरी..." बाई म्हणाल्या.

"लावला होता. म्हणजे नंबर काढला होता. पण बोलणार काय? या, असं कुणाला आजवर म्हटलंच नाही मी, बाई. तीच बोलवायची सगळ्यांना. जीभच रेटेना. इंग्रजीत तेवढं जड जात नाही. आपण नाही, दुसरंच कुणी बोलतंय असं वाटतं. आणि तुम्हीच म्हणाला होतात, नडलं तर लिहा."

बाई रडू लागल्या. लिफ्टवाले अवघडून गेले. त्यांनी पाण्याचा पेला आणून बाईंच्या हाताशी ठेवला.

"मी दवाखान्याच्या मागेच राहते हो," बाई म्हणाल्या. "गॅलरीतून तुमच्या खिडक्या दिसत होत्या मला. नुसती चप्पल घालून आले असते मी."

"माहीत आहे ना," लिफ्टवाले म्हणाले. "शिवणताईंनी दाखवलं होतं मला तुमचं घर. म्हणून तर लिहिलं."

आणि रिकामे कप उचलून ते आत गेले.